किती ओढतो ते नंतर, आधी कशासाठी ते विचारा

समजा, शनिवारची रात्र आहे. खारघरमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत पाच मित्र बसलेत आणि एकच जॉइंट हातोहात फिरतोय. पहिल्याला गांजा ओढून गाणी ऐकायला आवडतात. दुसऱ्याला गप्पा रंगायला हव्यात. तिसऱ्याला खरं तर नकोय, पण हातात आलेलं पुढे कसं ढकलायचं ते त्याला सुचत नाही. चौथ्याला काहीतरी वेगळं अनुभवायचंय. पाचवा आठ महिने नोकरी शोधतोय. घरून एक दिवसाआड "कुठे काम लागलं का?" म्हणून फोन येतो, आणि रात्री तीनपर्यंत त्याचा डोळा लागत नाही. त्याला दोन तास डोकं बंद हवंय.

पाचही जणांच्या रक्तात गेलेला पदार्थ एकच आहे. पण वर्षभराने यांच्यापैकी एकाचं काही बिघडलेलं असेल, तर तो पाचवा असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.

हा नुसता अंदाज नाही. १९९८ साली अमेरिकेत गांजा ओढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात ओढण्याच्या कारणांचे पाच गट आहेत: मजा, सोबत, मंडळींत वेगळं पडू नये म्हणून, जाणिवा रुंदावाव्यात म्हणून, आणि त्रासावर उतारा म्हणून. पुढच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा असं दिसलं की उतारा म्हणून ओढणाऱ्यांना, तेवढाच गांजा मजेसाठी ओढणाऱ्यांपेक्षा, जास्त अडचणी येतात. अभ्यास मागे पडणं, नोकरीवर खाडे, घरातले वाद, सोडायचं ठरवून न सुटणं, सगळंच. म्हणून आईवडिलांनी, मित्रांनी आणि ओढणाऱ्याने स्वतःलाही 'किती' विचारण्याआधी 'कशासाठी' विचारायला हवं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पुडी सापडली की घरात पहिला प्रश्न येतो तो "कोणी दिली?"

आनंदाच्या नावाचं रसायन

गांजात नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळा केला. पुढे १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत एक रसायन सापडलं, जे आपल्या मेंदूत मुळातच तयार होतं आणि टीएचसी जिथे चिकटतो त्याच जागी बसतं. त्याला त्यांनी 'आनंदामाइड' असं नाव दिलं, ते आपल्या 'आनंद' या शब्दावरून. या जागांना सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. भीती, भूक, आठवण, झोप, वेळेचं भान अशा कितीतरी गोष्टींत त्यांचा हात असतो.

मेंदू स्वतःचं आनंदामाइड अगदी चिमूटभर सोडतो, लागेल तिथे आणि लागेल तेव्हाच, आणि काम झालं की लगेच मोडून टाकतो. टीएचसी मात्र सगळीकडे एकदम पोचतो आणि तासन्तास बसून राहतो. रोज असं व्हायला लागलं की मेंदू या जागाच कमी करतो. मग पूर्वीइतकं वाटायला जास्त ओढावं लागतं, आणि न ओढलेल्या दिवशी साधं बरंही वाटत नाही. यातली दिलासा देणारी बाजू अशी की रोज ओढणाऱ्यांनी सुमारे चार आठवडे बंद ठेवलं, तर मेंदूच्या बहुतेक भागांत हे रिसेप्टर जवळपास पूर्ववत होतात.

वयाचा मुद्दा इथेच येतो. पुढचा विचार करणं, मोह आवरणं ही कामं करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आयुष्यात एकदा तरी गांजा घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्यावर अवलंबून झालेले दिसले. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण साधारण सहांत एक असतं. म्हणजे "गांजाचं व्यसन लागतच नाही" हे खरं नाही, आणि "एक झुरका मारला की मुलगा गेला" हेही खरं नाही. दुसरं वाक्य तरुणांना सांगायचा तोटा फार मोठा आहे. ते स्वतः ओढून पाहतात, काही होत नाही, आणि मग आपण सांगितलेल्या खऱ्या धोक्यांवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

मात्रेबद्दल एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१७ साली शिकागोतल्या संशोधकांनी ४२ निरोगी स्वयंसेवकांना कॅप्सूलमधून टीएचसी किंवा बनावट गोळी दिली आणि मग मुलाखतीसारखं बोलायला लावलं, वर तोंडी वजाबाक्या करायला लावल्या. ७.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचा ताण थोडा हलका झाला. १२.५ मिलिग्रॅम घेतलेले मात्र मुळातच अस्वस्थ झाले आणि कामातही अडखळले. आराम आणि घबराट यांत फक्त ५ मिलिग्रॅमचं अंतर. आता पुडीतल्या गांजावर प्रमाण छापलेलं नसतं. गेल्या आठवड्यातला माल आणि आजचा 'हायड्रो' (जास्त तेज गांजा) यांतला फरक डोळ्यांनी कळत नाही. टेन्शन घालवायला ओढला आणि छातीत धडधड सुरू झाली, असं होतं ते यामुळेच.

खाण्यापिण्यातून गेलेल्या भांगेचा हिशेब वेगळा. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-चार तासांत उतरतो. पोटातून गेलेल्याला चढायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकतो. धुळवडीला दरवर्षी होणारी चूक ती हीच. पहिला ग्लास घेऊन पाऊण तास झाला, "काहीच होत नाहीये रे" म्हणून दुसरा घेतला, आणि मग दोन्ही एकदम चढले. अशा वेळी माणसाला शांत, कमी उजेडाच्या खोलीत बसवा, पाणी द्या, एकटं सोडू नका, आणि "हे उतरणार आहे" असं अधूनमधून सांगत राहा. छातीत दुखलं, झटका आला, शुद्ध हरपली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर वाट न पाहता सरळ हॉस्पिटल गाठा.

उतारा आणि दुखणं यांची अदलाबदल

आता त्या पाचव्या मुलाकडे येऊ. त्याला झोप येत नाही. रात्री जेवण झाल्यावर, घर शांत झालं की तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून एक ओढतो. एग्झॉस्ट पंखा चालू. मग झोप लागते. आठवडाभर हे जमतं. मेंदू दोन गोष्टी एकत्र बांधतो: त्रास, मग धूर, मग सुटका. सुटका लगेच मिळते म्हणून ही गाठ पक्की बसते. नोकरी मात्र तिथेच असते. बायोडेटा पाठवलेला नसतो, कारण सकाळी उठायला अकरा वाजतात.

दोन-तीन महिन्यांनी त्याला स्वतःलाच वाटतं की फार झालं. तो बंद करतो. दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, भूक नाही, घाम, आणि झोप तर पूर्वीपेक्षाही वाईट. तिसऱ्या रात्री तो ठरवतो: "बघा, गांजाशिवाय मला झोपच येत नाही. मला तो औषध म्हणूनच लागतो." आणि पुन्हा सुरू करतो. लगेच बरं वाटतं, म्हणजे पुरावाही मिळाला!

पण ती झोप गेली होती गांजा थांबल्यामुळे. मूळ काळजी तीन महिन्यांपूर्वी होती तेवढीच होती. वर आलेला त्रास हा सुटण्याचा त्रास होता, आणि तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऐन भरात असतो. नेमक्या त्या दिवशी माणूस निष्कर्ष काढून मोकळा होतो. या विषयातली कुठलीही एकच गोष्ट सांगायची झाली तर आम्ही ही सांगू. बाकी सगळं समजून घेणारी हुशार मुलंमुली इथे फसतात, कारण त्यांचा तर्क बरोबर असतो, फक्त मोजायची वेळ चुकलेली असते.

हे चक्र कोणाला लवकर पकडतं? ज्यांना आधीपासून चिंतेचा किंवा नैराश्याचा त्रास आहे त्यांना. लहानपणी मारहाण, छळ, घरात दारू पाहिलेल्यांना. एका जागी लक्ष न टिकणाऱ्या, घाईने निर्णय घेणाऱ्या मुलांना. आणि ज्यांना मनातलं बोलायला शब्द किंवा माणूस सापडत नाही त्यांना. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. 'मुलगी असून' या दोन शब्दांच्या भीतीने त्या मदत मागायला उशीर करतात, आणि घरचेही मुलापेक्षा मुलीची गोष्ट जास्त दिवस झाकून ठेवतात.

चौथ्या हाताला आलेला जॉइंट

पहिल्यांदा ओढणाऱ्या पुष्कळांना काहीच वाटत नाही, नुसता खोकला येतो. हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५३ साली यावर फार नेमकं बोट ठेवलं होतं. त्याच्या म्हणण्यानुसार माणूस तीन गोष्टी शिकतो: ओढायचं कसं, जे होतंय ती नशा आहे हे ओळखायचं कसं, आणि त्या अनुभवाला मजा म्हणायचं कसं. तिन्ही गोष्टी शिकवणारे मित्रच असतात. डोकं हलकं होणं, तोंड सुकणं, वेळ लांबल्यासारखा वाटणं याला घाबरायचं की हसायचं, हे गोल करून बसलेली मंडळी ठरवतात.

मित्रांच्या संगतीत मेंदूही वेगळा वागतो. २००५ सालच्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या ३०६ लोकांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला, काहींना एकट्याने, काहींना मित्रांसोबत. मित्र असताना किशोरांनी घेतलेले धोके जवळपास दुप्पट झाले, १८ ते २२ वयाच्या मुलामुलींचे साधारण दीडपट, आणि मोठ्या माणसांत फरक पडला नाही. 

तरी "वाईट संगतीने बिघडला" हे अर्धंच खरं आहे. अमेरिकी संशोधक डेनिस कँडल यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं की दोन्ही प्रवाह एकाच वेळी चालतात: मित्रांमुळे मूल ओढायला लागतं, आणि ओढणारं मूल ओढणारे मित्र निवडतं. म्हणून एका मित्राला फोनमधून ब्लॉक करायला लावून प्रश्न सुटत नाही. महिन्याभरात दुसरा मित्र मिळतो. संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत त्याच्याकडे जायला दुसरी जागा, दुसरी माणसं आहेत का, हे बघावं लागतं.

ठाण्यात आणि नवी मुंबईत हा प्रश्न वेगळ्याच रूपात भेटतो. लातूर, सांगली, जळगावहून आलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलं नेरुळ, कोपरखैरणे, घणसोलीत चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहतात. गावात चौकातला प्रत्येक माणूस काका असतो, इथे शेजारच्या दाराचं आडनाव माहीत नसतं. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात रात्रपाळी करणारी मुलं सकाळी घरी येतात तेव्हा जग कामाला निघालेलं असतं. झोपेचं गणित आधीच बिघडलेलं असतं, आणि जागं असताना भेटायला मोकळे असतात ते फक्त त्याच पाळीतले सहकारी. ठाण्यातल्या वन बीएचकेत आईवडिलांसोबत राहणाऱ्या मुलाची अडचण उलटी. त्याला एकांतच नाही, म्हणून मग उपवन, तलावपाळी, बिल्डिंगची गच्ची. तिथे जो ग्रुप भेटतो, तोच त्याची खोली होतो. १८ ते २५ या वयाला मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली स्वतंत्र टप्पा मानलं, कारण माणूस तेव्हा धड मूलही नसतो आणि धड संसारीही नसतो. या टप्प्यात कोणाची जबाबदारी अंगावर नसते आणि स्वतःची ओळख अजून ठरलेली नसते.

यात भर पडते ती एका गैरसमजाची. "आजकाल सगळेच ओढतात." एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत, १० ते ७५ वयोगटात आधीच्या बारा महिन्यांत भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक २.८ टक्के निघाले, म्हणजे सुमारे ३.१ कोटी. गांजा-चरस घेणारे त्यांतले साधारण १.३ कोटी. तरुण मुलांत, शहरांत, हॉस्टेलवर हे प्रमाण जास्त असणार हे उघड आहे, पण 'सगळे' नक्कीच नाहीत. ओढणारे एकत्र बसतात, म्हणून डोळ्यांत भरतात. न ओढणारा रूमवर भात लावत असतो, तो मोजला जात नाही. आणखी एक: गोलात बसलेल्यांपैकी दोघांना मनातून नको असतं, पण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना हवंय. त्याच पाहणीत सुमारे ७२ लाख लोकांना गांजा-भांगेच्या त्रासासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज होता.

'नको' म्हणायचं असेल तर ते छोटं ठेवा. जॉइंट आपल्यापर्यंत येईपर्यंत फार तर मिनिटभर असतो, आणि हातात आल्यावर दोन सेकंद. "उद्या पेपर आहे", "घशाला त्रास होतो" असं कारण दिलं की समोरच्याला उत्तर देता येतं: "मग एकच मार." त्यापेक्षा "नको, मी नाही घेत" एवढंच बोलून हाताने पुढच्याकडे द्या आणि लगेच दुसरा विषय काढा. हातात चहाचा कप असेल तर आणखी सोपं जातं, कारण हात रिकामा दिसत नाही. दुसऱ्या वेळी कोणी फारसं विचारत नाही.

घरात

पुडी किंवा गोगो पेपर (जॉइंट वळायचा कागद) सापडला त्या रात्रीच बोलू नका. तुम्ही संतापलेले असता आणि मुलगा कदाचित नशेत असतो. दुसऱ्या दिवशी, शक्यतो जेवण झाल्यावर, आईवडिलांपैकी ज्याच्याशी त्याचं जास्त जमतं त्या एकानेच बोलावं. सुरुवात दिसलेल्या गोष्टीपासून करावी: "तू महिनाभर रात्री दोन-दोनपर्यंत जागा असतोस, जेवत नाहीस, काल तुझ्या बॅगेत हे सापडलं. मला काळजी वाटते. तुला यातून काय मिळतं ते मला समजून घ्यायचंय." हे शेवटचं वाक्य म्हणायला जड जातं. पण उत्तर त्यातूनच येतं. "झोप लागते" असं तो म्हणाला, तर तुम्हाला झोपेवर काम करायचंय. "सगळे घेतात म्हणून" म्हणाला तर संगतीवर.

चापट मारणं, पॉकेटमनी एकदम तोडणं, मावशी-आत्यांच्या ग्रुपवर जाहीर करणं, याने गांजा सुटत नाही. तो घराबाहेर जातो आणि उधारीवर चालू होतो. गावी पाठवून दोन महिने बंद होतो खरा, पण कारण तिथे नसतंच. परत आल्यावर तीच खोली, तीच संध्याकाळ, तेच मित्र दिसले की तलफ पुन्हा जागी होते. आणि "लग्न लावून द्या, सुधारेल" या सल्ल्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. पंचविशीनंतर नोकरी-संसारात गुंतल्यावर बऱ्याच जणांचं ओढणं आपसूक कमी होतं, हे खरं आहे. पण ते मजेपुरतं किंवा सोबतीपुरतं ओढणाऱ्यांचं. जो त्रासावर उतारा म्हणून ओढतो त्याच्या त्रासात लग्नाने भरच पडते, आणि एका अनोळखी मुलीवर तिला न सांगता उपचाराची जबाबदारी टाकली जाते. हा तिच्यावर अन्याय आहे.

सात दिवसांची वही

सोडायचं की नाही हे ठरवण्याआधी एक आठवडा फक्त लिहा. काही बदलू नका. दर वेळी चार गोष्टी: किती वाजता, कुठे आणि कोणासोबत, ओढण्याच्या आधी काय वाटत होतं, किती ओढलं. फोनच्या नोट्समध्ये चालेल, पण लगेच लिहा, रात्री आठवून लिहाल तर तिसरा रकाना खोटा होतो. सात दिवसांनी तिसरा रकाना उभा वाचा. 'कंटाळा', 'आईचा फोन', 'झोप नाही', 'विक्या आला' असं काहीतरी सारखं सारखं आलेलं दिसेल. तेच तुमचं कारण.

त्रास किती पुढे गेलाय हे पाहायला डॉक्टर-समुपदेशक आठ प्रश्नांची एक चाचणी वापरतात, कडिट-आर नावाची. ती मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते आणि एकूण गुण ३२. ८ किंवा जास्त आले तर धोक्याचा वापर, १२ किंवा जास्त आले तर व्यसनाची शक्यता धरून तपासणी करायची. निदान मात्र चाचणीवरून होत नाही. त्यासाठी बारा महिन्यांतली ११ लक्षणं पाहतात. दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र.

पहिले चौदा दिवस

गांजा एकदम थांबवणं बहुतेकांसाठी जिवावरचं नसतं. दारूचं तसं नाही, रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरशिवाय अचानक तोडू नये. दोन्ही चालू असतील तर आधी डॉक्टरांकडे.

त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. विचित्र, लख्ख स्वप्नं आणि मोडकी झोप मात्र त्यानंतरही काही दिवस राहते. कॅलेंडरवर तारीख टाका आणि चौदा दिवस "मला गांजा लागतोच का?" या प्रश्नाचा निकालच लावू नका. झोपेसाठी: रोज एकाच वेळी उठायचं, रात्री झोप लागली नसली तरी. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. दिवसा अर्धा तास घाम येईल इतकं चालणं. अंथरुणात वीस मिनिटं तळमळत राहिलात तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. दोन दिवस फक्त वरण-भात गेला तरी घाबरायचं नाही, भूक परत येते.

तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळासाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा: बिल्डिंगखाली चकरा, अंघोळ, ठरवलेल्या एका माणसाला फोन. पेपर, क्रशर, लायटर घरातून बाहेर काढा, कपाटाच्या मागे 'शेवटचा' ठेवू नका. देणाऱ्याचा नंबर डिलीट करा.

आपल्याकडची मोठी चूक तंबाखूत लपलेली असते. इथे बहुतेक जण सिगारेटमधला तंबाखू मिसळून जॉइंट भरतात. त्यामुळे जॉइंट सोडला की निकोटीनही सुटतं आणि दोन्हीचा त्रास एकदम येतो. काही जण मग दिवसाला दोन सिगारेटींवरून दहावर जातात. डॉक्टरांना तंबाखूचंही सांगा. निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्या मिळतात. गांजाच्या व्यसनासाठी खास मान्यता मिळालेलं औषध मात्र अजून नाही. जे उपयोगी ठरलंय ते बोलून करायचे उपचार आहेत, म्हणजे स्वतःची कारणं शोधायला मदत करणारं समुपदेशन आणि विचार-सवयी बदलायचं प्रशिक्षण. चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावरची औषधं वेगळी, आणि ती घ्यावीत.

इथे थांबू नका

कोणीतरी मागावर आहे, टीव्हीतून माझ्याबद्दलच बोलतात, आवाज ऐकू येतात, असं नशा उतरल्यावरही चालू राहिलं तर ते 'जास्त चढली' म्हणून सोडून देऊ नका. स्वीडनमधल्या सुमारे ४५ हजार सैनिकी भरतीच्या तरुणांचा पाठपुरावा १९८७ साली प्रसिद्ध झाला. ५० पेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट होतं. इतर कारणं वजा केल्यावर आकडा खाली येतो, पण संबंध उरतो. युरोपातल्या २०१९ च्या अभ्यासात तेज गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता जवळपास पाचपट दिसली. घरात, चुलत-मामेघरात कोणाला असा आजार असेल तर आपण पहिला झुरकाही न मारलेला बरा. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, मधुमेह घराण्यात असेल तर साखरेबद्दल सांगतो तसं सांगतोय.

आणि हो, "ठाण्याला न्यावं लागेल" हा आपल्या भाषेतला विनोद अनेकांना उपचारापासून दूर ठेवतो. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध लिहून घेऊन माणसं घरी जातात. 'गर्दुल्ला' हा शब्दही घरात वापरू नका. ज्याला तो एकदा चिकटला, तो मदत मागायला रांगेत उभा राहत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. भांगेची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, त्यांवर राज्यांचे नियम चालतात. एक किलोपर्यंत गांजा किंवा १०० ग्रॅमपर्यंत चरस 'अल्प प्रमाण' धरलं जातं, पण म्हणजे सुटका नव्हे. बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, सेवनाबद्दल सहा महिन्यांपर्यंत. फार थोड्यांना माहीत असलेलं कलम आहे ६४-अ: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, त्यामुळे "कंपनीला कळेल" या भीतीने थांबू नका.

फोनवर सुरुवात करायची तर १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची सेवा आहे आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. दोन्ही मोफत. पहिल्या फोनवर नाव सांगायची घाई नसते. "माझा मुलगा" किंवा "माझा रूममेट" म्हणून सुरुवात केली तरी चालतं. फोन करताना सात दिवसांची वही हाताशी असू द्या, कारण पलीकडचा माणूस जवळपास तेच चार प्रश्न विचारणार आहे.

विसाव्या-पंचविसाव्या दिवशी, एखाद्या वाढदिवसाच्या रात्री, पुन्हा एकदा ओढलं जाण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा सगळं पाण्यात गेलं म्हणून आठवडाभर ओढत बसू नका, आणि घरच्यांनीही चौदा दिवसांचा हिशेब काढू नये. वही उघडा आणि त्या रात्रीचीही ओळ भरा: किती वाजता, कुठे, कोण होतं, आधी काय वाटत होतं, किती.